बावीस आमदार, एकवीस किल्ल्या

टाळकरी हो, टाळ जरा मांडीवर ठेवा. पखवाजवाले बुवा, तुम्हीही दम खा! मघापासून पखवाजावर इतका राग काढताय, की घरी काही झालंय का अशी शंका यायला लागली... हां! बायकांच्या बाजूनं हसू आलं. म्हणजे झालंय!

तर मंडळी, आधी एक प्रश्न. सोपा आहे, दुसरीतलं पोरही उत्तर देईल. बोलावलं, आणि माणूस आला नाही — तर चूक कुणाची?

बघा, बघा! सगळ्यांच्या माना हलल्या. 'न येणाऱ्याची!' दुसरं काय! पंगतीला बोलावलं, आला नाही — त्याची चूक. ग्रामसभेला बोलावलं, आला नाही — त्याची चूक. बोलावणारा तो कायम सोवळ्यात!

आज दुपारी मी त्या ओट्यावर जरा टेकलो होतो. आणि भोंग्यावरून पुकारा झाला. 'शिवदास लोहार यांचा दोन ते चार वीणेचा पहारा होता. ते हजर राहिलेले नाहीत. कमिटीनं याची नोंद घेतली आहे. पुढच्या वर्षीच्या यादीतून त्यांचं नाव कमी करण्यात येईल.' एकदा नाही, तीनदा! मी परगावचा माणूस. या गावात मला दोन माणसंही धड ओळखता येत नाहीत, पण शिवदास लोहार हे नाव आता मला माझ्या नावाइतकं पाठ झालंय.

ठीक आहे. सप्ता आहे, वीणा खाली ठेवता येत नाही, शिस्त ही पाहिजेच. मी काही बोलत नाही. कमिटीचे अध्यक्ष समोरच बसलेत आणि पाकीट त्यांच्याच हातून मिळायचंय! मी आपला आख्यान सांगतो. ऐका, मंडळी!

आजचं आख्यान पुराणातलं नाही. आजचं आख्यान आहे विधानसभेतलं!

दचकू नका. मी प्रचाराला आलेलो नाही. राज्याचं नाव विचारायचं नाही, पक्षाचं नाव मी सांगणार नाही. गोष्ट माझी आहे, आणि मोबाइल यायच्या आधीच्या काळात मी ती बसवलीय. पक्षाची निशाणी तेवढी सांगतो — सूप. धान्य पाखडायचं सूप! आणि त्या पक्षाची पुढारी एक बाई. चंद्रभागा देवकाते. पण सगळं राज्य त्यांना म्हणायचं चंद्राक्का.

कसली बाई होती म्हणून सांगू! माळरानावरची. नवरा गेला तेव्हा पदरात काही नव्हतं, डोक्यावर पाटी घेऊन रस्त्याच्या कामावर खडी टाकली. तिथंच मुकादमाशी भांडली, तिथंच पुढारी झाली. एकटीनं सुरुवात केली आणि पुढं पक्षाचे बावीस आमदार निवडून आणले. बाईसकट बावीस! आणि हे बावीस पहिल्यांदा निवडून आल्यावर त्या बाईनं एक नियम केला. नीट ऐका, आख्यान सगळं या नियमावर उभं आहे.

राजधानीत आमदारांना राहायला खोल्या असतात, आमदार निवास म्हणतात. आक्का म्हणाल्या, "आपल्या आमदाराची खोली ही आमदाराची न्हाई. मोठ्या दवाखान्यात गावाकडनं पेशंट येतात. त्यांची माणसं फुटपाथवर झोपतात. खोली त्यांची. आमदारानं पक्षाच्या कचेरीत सतरंजीवर पडायचं. आणि खोलीला कुलूप घालायचं न्हाई!"

टाळ्या वाजवा की! त्या दिवशी बाविसांनी वाजवल्या होत्या.

आता लढाई काय होती? एक धरण झालं. चाळीस गावं पाण्याखाली गेली. धरणग्रस्तांना सरकार म्हणालं, 'उठा, तिकडं माळावर बसा, जागा नावावर करून देतो.' लोक उठले, माळावर पत्रे ठोकून बसले. एक वर्ष गेलं, दोन गेली, अठरा वर्षं गेली! पत्र्याखाली पोरं जन्मली, पत्र्याखाली त्यांची लग्नं लागली, पण पायाखालची जागा नावावर नाही. कुणीही यावं आणि 'ऊठ' म्हणावं! तिथं केशरबाई म्हणून एक म्हातारी होती. तिनं आपलं घर बुडताना दाराची लोखंडी कडी तेवढी उपटून आणली. अठरा वर्षं ती कडी तिच्या पदराला बांधलेली. कुणी विचारलं तर म्हणायची, "दार झालं की लावीन. आधी भिंत तर हुं दे."

चंद्राक्कांनी त्या म्हातारीच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होता. आणि अठराव्या वर्षी ते विधेयक सभागृहात आलं. घरठाणाचं विधेयक! जागा नावावर करून देणारं. दुसऱ्या दोन पक्षांची मदत होती. पण हिशेब इतका काठावरचा, की आपली बावीसच्या बावीस डोकी बाकावर पाहिजेत. एक कमी नाही!

आता अशा वेळी पक्ष काय करतो? पक्षादेश काढतो. तिकडं त्याला व्हिप म्हणतात. व्हिप म्हणजे चाबूक! 'अमुक दिवशी हजर राहा, अमुक मत द्या.' नाही आलात तर आमदारकी जाऊ शकते. आणि हा चाबूक ज्याच्या हातात असतो त्याला म्हणतात प्रतोद. आक्कांचे प्रतोद होते गुणवंतराव हांडे. माणूस सज्जन, कामाला चोख, पण कागदाचा भक्त! देवळात गेला तर देवाकडूनसुद्धा पोच घेईल!

मतदान होतं शुक्रवारी. पण सोमवारी संध्याकाळी ठरलं — शुक्रवार नाही, बुधवार! गुणवंतरावांनी मंगळवारी सकाळी बावीस पक्षादेश छापले. शिपायाला रजिस्टर देऊन आमदार निवासात पाठवलं. "प्रत्येक खोलीत कागद द्यायचा, पोच घ्यायची." दुपारी रजिस्टर परत. गुणवंतरावांनी बोटानं मोजलं. एक, दोन, तीन... बावीस! "आक्का, निश्चिंत राहा. बावीस कागद, बावीस पोच!"

बुधवार उजाडला. भाषणं झाली. मतदानाची घंटा वाजायला लागली. ती घंटा थांबली की दारं बंद करतात, मग आत कुणाला घेत नाहीत. आक्का पुढच्या बाकावर. मागं वळून बघतात तर दोन जागा रिकाम्या! एक रमाकांत पोफळ्यांची. दुसरी हरिभाऊ कुदळ्यांची.

घंटा वाजतेय... आक्का दाराकडं बघतायत. दोन माणसं पळत येतील, धापा टाकत येतील. गुणवंतराव दारात उभे, हात जोडून शिपायाला म्हणतायत, "एक मिनिट, बाबा!" शिपाई काय करणार? घंटा थांबली. दारं लागली.

विधेयकाच्या बाजूनं एकशे चाळीस. विरोधात — एकशे एकेचाळीस!

एका मतानं! दोघं असते तर जिंकले होते हो! चाळीस गावांच्या घराचं दार एका मतानं बंद झालं. आक्का बाकावरून उठल्या नाहीत. खडी फोडताना बोट ठेचलं तरी न रडलेली बाई, तिनं डोळ्याला पदर लावला.

आणि खरं दुखणं पुढं आहे. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, विधानभवनाच्या फाटकासमोर एक एसटी थांबली. तिच्यातून कोण उतरलं? हरिभाऊ कुदळे! बहात्तर वर्षांचं वय, धोतर धुळीनं लाल, मागं चाळीस-पंचेचाळीस धरणग्रस्त, आणि सगळ्यांत पुढं केशरबाई — पदराची गाठ मुठीत धरून. हरिभाऊ फाटकावरच्या शिपायाला हसून विचारतायत, "रामराम! उद्याचं मतदान कितीला हाय वो? ह्या माणसास्नी वर गॅलरीत बसवायचंय. त्यांच्या डोळ्यांदेखत झालं पायजे."

शिपाई म्हणाला, "कुठलं मतदान? ते काल झालं की! पडलं."

हरिभाऊ तिथंच खाली बसले. केशरबाईनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि मुठीतली गाठ सोडली, पुन्हा घट्ट बांधली.

आता मंडळी, पक्षात आग लागली! वर्तमानपत्रवाले दारात. 'बाईंचा धाक उरला नाही! बाईंना आपली माणसं सांभाळता येत नाहीत!' कायदा असा, की पंधरा दिवसांत पक्षानं माफीचं पत्र दिलं तर गैरहजर आमदार वाचतो. नाही दिलं, तर आमदारकी गेलीच म्हणून समजा. म्हणजे हरिभाऊंची मान आता आक्कांच्या एका सहीखाली!

आणि पोफळे? ते तिसऱ्या दिवशी आले. इस्त्रीच्या कपड्यांत, अत्तर लावून. सोबत खासगी दवाखान्याचा दाखला — पोटात असह्य कळ, दोन दिवस सक्तीची विश्रांती. शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. वर पोफळ्यांच्या मागं सात आमदार! ते उठले तर सात उठणार, पक्ष मोडणार. मग पक्षातले शहाणे आक्कांच्या कानाशी लागले. शहाणे कुठंही असतात हो, तुमच्या कमिटीतही असतील! काय म्हणाले?

"आक्का, पोफळ्यांचा कागद स्वच्छ आहे. त्यांना माफ करा. पण जरब तर बसली पाहिजे. हरिभाऊंना काढा. म्हातारा आहे, मागंपुढं कुणी नाही, ओरडणार नाही. आणि कागदोपत्री सापडलाय. पोच आहे त्याची!"

वा रे न्याय! दांडगा चुकला तर कळ, गरीब चुकला तर बळ — शिस्तीचं! ही ओळ माझीच आहे, संतांची नव्हे. यमक जुळलं म्हणून मान डोलवू नका.

आणि गंमत बघा, हरिभाऊ स्वतःच आले. हातात राजीनामा. "आक्का, तुमी काय काढता मला? मीच निगालो. माझ्यापायी चाळीस गावं उघडी पडली. मला कागद गावला न्हाई असं म्हनलं, तर लोक म्हनत्याल म्हातारा खोटं बोलतोय. पोच हाय म्हनं माझी. आसंल. माझं नशीब!"

आक्कांना राग आला होता. खोटं कशाला सांगू? हरिभाऊंचासुद्धा आला होता. वीस वर्षांचा सोबती, आणि नेमक्या वेळी नाही! पण त्या एवढंच म्हणाल्या, "राजीनामा ठेवा खिशात. गुणवंतराव, रजिस्टर आणा."

रजिस्टर आलं. आक्कांनी पान उघडलं. सही, सही, सही, सही... आणि खोली नंबर एकशे चौदा, हरिभाऊ कुदळे. समोर काय?

अंगठा!

आक्कांनी मान वर केली. "गुणवंतराव, हा अंगठा कुणाचा?"

"हरिभाऊंचा, आक्का."

"हरिभाऊ चौथी शिकलेत. सही करताना जीभ बाहेर काढतात, पण सही करतात. वीस वर्षं बघतीय मी. हा अंगठा कुणाचा?"

गुणवंतरावांनी रजिस्टर ओढून पान डोळ्यांशी धरलं. "आक्का... मी खुणा मोजल्या. बावीस भरल्या."

खुणा मोजल्या! माणसं नाही मोजली. मंडळी, हे आपल्याकडंही चालतं बरं का. हजेरी भरली की शाळा भरली!

आक्का उठल्या. गाडी नको म्हणाल्या, चालत आमदार निवासात गेल्या. तिसरा मजला, खोली नंबर एकशे चौदा. दाराला कुलूप नाही. ढकललं तर आत अकरा माणसं! कोपऱ्यात स्टोव्हवर पिठलं रटरटतंय, खिडकीला लुगडी वाळतायत, एक तान्हं पोर झोळीत. दाराशी एक म्हातारी भाकरी थापत बसलेली. अनुसयाबाई तिचं नाव. नवरा दवाखान्यात, पायाचं ऑपरेशन.

आक्कांनी विचारलं, "बाई, मंगळवारी एक शिपाई कागद घेऊन आला हुता का?"

"आला हुता की! सरकारी माणूस. म्हनला, कुदळे हितंच ऱ्हात्यात नव्हं? म्हनलं हितंच. मग म्हनला, हाण अंगठा. मी हाणला! सरकारी माणसाला न्हाई कसं म्हनायचं?"

"आन् कागद?"

"कागद जपून ठेवलाय की! भाऊंचा कागद हाय तो, पोरांच्या हाताला लागू दीन व्हय?" म्हातारीनं अॅल्युमिनियमचा डबा ओढला. वरच्या सहा भाकरी काढल्या, फडकं काढलं, आणि तळातून घडी केलेला कागद दिला. तेलाचे डाग पडलेला. वर पक्षाचं सूप छापलेलं. 'बुधवारी हजर राहावे.'

आक्का तो कागद धरून उभ्या. "भाऊ कुठं झोपतात मग?"

"त्ये? त्यांच्या गावचा एक हमाल हाय मार्केटात, त्याच्या खोलीत पडत्यात. आदी कचेरीत पडायचे म्हनं, पर आता कचेरी नव्या बंगल्यात गेली. तिथला राखणदार आठ वाजता भाईर काढतो. सोमवारी दुपारी हितं आले, आमच्यास्नी शेंगदाणं दिलं, म्हनले, गावाकडं चाललोय, घरठाणाच्या लोकास्नी घिऊन येतो, त्यास्नी बी त्यो दिवस बघू द्या." म्हातारीनं हात झटकला. "म्या म्हनलं, भाऊ, आमी अकराजण तुमची खोली अडवून बसलोय, तुमी कुठं वणवण करताय? तर म्हनले, न्हाई बाई, आमच्या आक्काचा हुकूम हाय. खोली पेशंटची."

आक्कांनी विचारलं, "कोण... कोण आक्का?"

"हाय कुणी मोठी बाई. आमी न्हाई बघितली. तुमी बसा की, भाकरी खा."

मंडळी! सोमवारी दुपारी हरिभाऊ गावाला निघाले. सोमवारी संध्याकाळी तारीख बदलली. मंगळवारी कागद आला तो ज्याच्या नावाचा, तो खोलीत नव्हता — कारण त्यानं पक्षाचा पहिला हुकूम पाळला होता! म्हाताऱ्याच्या गावात फोन एक, तोही पोस्टात, तोही चार महिने मुका. बाकीच्या वीस जणांना कागद बरोबर हातात मिळाला. का? कारण ते खोलीत होते! नियम मोडणाऱ्यांची हजेरी लागली, आणि नियम पाळणारा गैरहजर ठरला!

आक्का बाहेर व्हरांड्यात आल्या. त्या मजल्यावर त्यांच्या पक्षाच्या खोल्या ओळीनं. एकशे पंधरा — कुलूप. एकशे सोळा — कुलूप. सतरा — कुलूप. चालत चालत एकशे एकवीस. त्या दाराला सगळ्यांत मोठं कुलूप! पितळी, चकचकीत. कुणाची खोली असेल?

बोला की! ... बरोबर. आक्कांची.

कधी लागलं ते कुलूप? चार वर्षांपूर्वी. मोठे लोक भेटायला यायला लागले, फायली वाढल्या, सोफा आला. 'तेवढ्यापुरतं' म्हणून लावलं होतं. तेवढ्यापुरतं! संसारात या शब्दाइतकं लबाड काही नाही. आक्कांनी कमरेची चंची चाचपली. किल्ली तिथंच होती. रोज तिथंच असायची, पण त्या दिवशी ती टोचली. आणि ती बाई आपल्याच बंद दाराला डोकं टेकून ढसाढसा रडली हो! विधेयक पडलं तेव्हा पदर डोळ्याला लागला होता, आता मात्र हुंदका आवरेना. 'माझी माणसं कुठं झोपतात, मला ठाऊक न्हाई. चाबूक कुणाच्या दारात पाठवतीय, मला ठाऊक न्हाई. कसली मी आक्का!'

विठ्ठल विठ्ठल म्हणा, मंडळी. मलाही जरा दम घेऊ द्या.

...पंधरावा दिवस. नव्या कचेरीत, वरच्या मजल्यावर पक्षाची बैठक. शेवटचा दिवस! आज पत्र गेलं नाही तर दोन्ही आमदारकी गेल्या. टेबलावर पक्षाची निशाणी म्हणून एक वेताचं सूप कायम ठेवलेलं असायचं. रिकामं. हरिभाऊ दाराजवळ उभे, खिशात राजीनामा. पोफळे पहिल्या खुर्चीत, मागं त्यांचे सात.

एक शहाणा उठला. "आक्का, आपली निशाणी सूप आहे. सूप कशासाठी असतं? पाखडायला! फोल उडवा एकदाचं. माणसं धाकात राहतील."

आक्का म्हणाल्या, "पाखडूया. पण पाखडायच्या आधी सुपात सगळं घ्यावं लागतं. ज्याच्या-त्याच्या खोलीची किल्ली काढा. सुपात टाका."

किल्ली? आक्कांनी पहिल्यांदा आपली चंची उघडली. किल्ली काढली, सगळ्यांना दिसेल अशी वर धरली, आणि सुपात टाकली. ठण्ण!

"ही माझी. चार वर्षं मी माझाच हुकूम मोडतीय. आता तुमची."

मग काय करतात? एकेक उठला. गुणवंतराव उठले, मान खाली, किल्ली टाकली. ठण्ण. पोफळ्यांनी टाकली. त्यांच्या सातांनी टाकली. सूप जड झालं. आक्का मोजतायत. एकोणीस... वीस... एकवीस. थांबलं.

"बावीस आमदार. किल्ल्या एकवीस. बाविसावी कुणाची?"

हरिभाऊ दारातून गडबडून म्हणाले, "आक्का, माझ्याकडं किल्ली न्हाई. हरवली न्हाई बरं का! खोलीला कुलूपच न्हाई... तुमीच नको म्हनला हुता."

म्हातारा माफी मागत होता हो! नियम पाळल्याची माफी!

आक्का उठल्या. तेलकट डागांचा तो कागद टेबलावर ठेवला, अनुसयाबाईंची सगळी हकिगत सांगितली. आणि म्हणाल्या, "तुमी सगळे मला सांगत हुता, धाक उरला न्हाई. उरला न्हाई, खरंय. माझा हुकूम वीस जणांनी मोडला आन् मी एकविसावी, मग धाक कुठनं उरंल? मला आधी माझ्या माणसाच्या दारात जायला पायजे हुतं. मी कागद पाठवला." त्यांनी हरिभाऊंच्या माफीच्या पत्रावर सही केली. मग पत्र त्यांच्या हातात देताना वाकल्या, आणि सगळ्या सभेदेखत म्हणाल्या, "भाऊ, हे तुमच्या माफीचं पत्र कायद्यासाठी हाय. माफी मी मागतीय."

गुणवंतराव तोंड फिरवून चष्मा पुसायला लागले. कागदाचा भक्त, पण माणूस होता!

आता उरले पोफळे. त्यांनी दाखला पुढं सरकवला. आक्कांनी त्याकडं बघितलंसुद्धा नाही. "रमाकांत, कागद ऱ्हाऊ दे. गेल्या वेळी कागदानंच फसवलंय मला. तोंडानं सांगा, कुठं हुता?"

पोफळ्यांनी दाखला उचलून खिशात घातला. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, समोर एवढ्या किल्ल्या पडलेल्या बघून असेल — म्हणाले, "कळ नव्हती, आक्का. तो माळ... ज्यावर लोक बसलेत, त्याच्या कडेची जमीन माझ्या मेव्हण्यानं घेतलीय. कायदा झाला तर ती घरठाणात जाते."

"बरं झालं बोललात. तुमच्याही पत्रावर सही करीन. आत्ता करीन. पण आधी खाली फाटकाशी जा. केशरबाई बसलीय, पंधरा दिवस झाले, गावाला गेली न्हाई. हेच तिला सांगून या."

तुम्हाला वाटत असेल, आता पोफळे धावत जाणार, म्हातारीच्या पायावर पडणार! कीर्तनात सगळे पापी सुधारतात ना? नाही! पोफळे उठले, दारापर्यंत गेले. जिना दिसत होता. जिन्याखाली, फाटकाशी म्हातारीचा पदर दिसत होता. वीस पायऱ्या! नाही उतरवल्या त्यांच्यानं. माघारी वळले, म्हणाले, "आक्का, तिला नाही सांगता येणार. राजीनामा देतो." आणि आपल्या सातांकडं बघितलं, "चला!"

सातातला एक उठला, म्हणजे अर्धा उठला. सुपातल्या आपल्या किल्लीकडं बघितलं. आणि पुन्हा बसला! पोफळे मागच्या जिन्यानं एकटेच गेले. पण मी त्यांनाही नावं ठेवणार नाही. खोटा दाखला खिशात असताना खरं बोलणं सोपं नसतं. तेवढं तरी ते बोलले.

पुढं काय? एकवीस खोल्यांची कुलपं त्याच संध्याकाळी निघाली. बंगल्यातल्या कचेरीत सतरंज्या अंथरल्या, राखणदाराला सांगितलं, आठनंतर आमदार आत घ्यायचे! मतदानाच्या आदल्या दिवशी गुणवंतराव रजिस्टर न घेता स्वतः फिरले, एकेका सतरंजीशी वाकून म्हणाले, "उद्या आहे बरं का." पोफळ्यांच्या जागी पोटनिवडणुकीत पक्षाचीच एक शाळामास्तरीण निवडून आली. विधेयक पुढच्या अधिवेशनात पुन्हा मांडलं. घंटा वाजली, दारं लागली. आक्कांनी मागं वळून बघितलंच नाही! विरोधात एकशे एकेचाळीस. बाजूनं — एकशे बेचाळीस!

वर गॅलरीत केशरबाई. तिला आकडे कळत नव्हते. तिनं फक्त खाली हरिभाऊंकडं बघितलं. हरिभाऊंनी हात वर केला, आणि हवेत दाराला कडी लावल्यासारखी खूण केली. म्हातारीनं पदराची गाठ सोडली, ती या वेळी पुन्हा बांधली नाही.

आता मंडळी, आख्यान संपलं. पण माझा प्रश्न उरलाय. बोलावलं, आणि माणूस आला नाही — तर चूक कुणाची?

आता माना का हलत नाहीत?

शिवदास लोहार दुपारी का आला नाही? मला ठाऊक नाही, मी परगावचा. अध्यक्ष, तुम्हाला ठाऊक आहे? नाही. खजिनदार? नाही. यादी करणारे गुरुजी? ... बायांनो, तुमच्यात कुणाला? त्याच्या दारात आज कोण जाऊन आलं — हात वर करा.

एक नाही!

भोंगा तीनदा गेला त्याच्या दारात. माणूस एकदाही गेला नाही. आजारी असेल. नसेलही! पत्ते खेळत बसला असेल, तर मी स्वतः त्याचा कान धरीन. पण आधी जाऊन तर बघू! नाव कमी करायला पेन लागतं, गड्यांनो, आणि बोलवायला पाय लागतात. वर्षभर ज्याच्या ओसरीवर आपण टेकलो नाही, त्यानं आपल्या एका पुकाऱ्यावर धावत यावं, एवढा आपला काय अधिकार?

पहारेकरी, वीणा गळ्यातच राहू द्या. आरती थांबवा, देव काही उपाशी मरत नाही. अध्यक्ष, चपला घाला. मी येतो बरोबर. लोहारआळीची वाट कुणाला ठाऊक आहे, पुढं व्हा. टाळ घ्या, आरतीचं ताट घ्या, आज आरती शिवदासच्या दारात होईल. त्याच्या दाराला कडी असली, तर मी हाक मारीन.

नाही, नाही, बाबा — माईक इथंच राहू दे.